नकाराचा तास

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा मी महाडच्या सत्याग्रहावर किंवा पुणे करारावर लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. इतिहासाच्या शिक्षकाकडून तीच अपेक्षा रास्त होय. परंतु या विद्यालयात घालवलेल्या वर्षांचा हिशेब मांडू लागलो, तेव्हा जे शिकवताना मी स्वतः सर्वांत अधिक शिकलो ते प्रकरण इतिहासाचे नाही, इंग्रजी व्याकरणाचे आहे असे ध्यानात आले. आणि व्याकरणातलेही ते अगदी किरकोळ समजले जाणारे प्रकरण: 'डोन्ट', 'कान्ट', 'वोन्ट' ही नकाराची आखूड रूपे. रात्रीच्या जेवणानंतर भोजनगृहातल्या फळ्यासमोर होणारा तो तास माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना आठवत असेल. तुम्हीच त्याला 'नकाराचा तास' असे नाव दिले होते. तो तास का सुरू झाला, हे मात्र मी त्या वेळी तुम्हाला सांगितले नव्हते. आज सांगतो.

गोष्ट वीसएक वर्षांपूर्वीची आहे. इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली होती आणि नवी नेमणूक होईपर्यंत तो विषय मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवला. माझे इंग्रजी वाचनाचे होते, बोलण्याचे नव्हते. एम. ए. करीत असताना बाबासाहेबांचे इंग्रजी ग्रंथ मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले होते. त्या ग्रंथांत 'डोन्ट' क्वचितच आढळते, तेथे 'डू नॉट' असते. त्यामुळे ही आखूड रूपे म्हणजे बोलण्यातला आळस, ती आली काय आणि न आली काय, असा माझा समज होता. वर्गात मी ती एका तासात उरकली. 'डू नॉट'चे 'डोन्ट', 'इज नॉट'चे 'इझन्ट', अशा दोन रकाने भरलेल्या यादीखाली रेघ मारली आणि पुढच्या धड्याकडे वळलो.

त्याच सुमारास आपली एक विद्यार्थिनी चांगल्या गुणांनी बारावी झाली. दहावीपर्यंत ती आपल्या वसतिगृहात राहिलेली. वडील वीटभट्टीवर, आई शेतमजुरीला. तिला परिचारिकेच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत होता, पण शुल्काची सोय नव्हती. एका खासगी न्यासाची शिष्यवृत्ती होती, तिची मुलाखत मुंबईला आणि इंग्रजीतून होती. दुसरी शिष्यवृत्ती मागितली नसेल त्याच उमेदवाराचा विचार होईल, अशी त्यांची अट होती. मी तिच्याबरोबर गेलो. ती आत गेली, मी बाहेरच्या बाकावर बसलो. दहा मिनिटांनी ती हसत बाहेर आली. परतीच्या गाडीत डबा उघडताना म्हणाली, "सर, शेवटचा प्रश्न तर अगदीच सोपा होता. दुसरीकडे कुठे अर्ज केला नाही का, एवढंच विचारलं. मी लगेच 'यस सर' म्हटलं."

मीही समाधानाने मान डोलावली. त्या उत्तरात काही चुकले आहे हे माझ्याही ध्यानात आले नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आले. उमेदवाराने मुलाखतीत स्वतः मान्य केल्याप्रमाणे तिने अन्यत्रही अर्ज केलेला असल्याने तिचा विचार करता येत नाही, असे त्यात लिहिले होते. पत्र हातात धरून ती माझ्यासमोर उभी राहिली. "सर, मी तर नाही म्हणून सांगितलं होतं." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला विचारले गेले होते, 'हॅवन्ट यू अप्लाइड फॉर एनी अदर स्कॉलरशिप?' आणि तिने उत्तर दिले होते, 'यस सर.'

मराठी माणसाला यात काही गैर दिसणार नाही. "तू अर्ज केला नाहीस ना?" या प्रश्नाला आपण "हो, नाही केला" असे सहज म्हणतो. आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला दिलेला दुजोरा असतो: तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. इंग्रजीतला 'यस' दुजोरा देत नाही. तो घडलेल्या गोष्टीकडे पाहतो. अर्ज केला असेल तर 'यस, आय हॅव', केला नसेल तर 'नो, आय हॅवन्ट'. प्रश्न सरळ असो की नकारार्थी, उत्तर बदलत नाही. 'हॅव यू' विचारा किंवा 'हॅवन्ट यू' विचारा, अर्ज न करणाऱ्याने 'नो'च म्हणावे लागते. तिने आपल्या भाषेच्या रीतीने खरे सांगितले आणि ऐकणाऱ्यांनी त्यांच्या भाषेच्या रीतीने त्याच्या नेमके उलट ऐकले.

मी सविस्तर खुलासा लिहून पाठवला. यादी अंतिम झाली आहे, असे दोन ओळींचे उत्तर आले. मुलीचे एक वर्ष गेले. पुढच्या वर्षी काही हितचिंतकांनी वर्गणी काढली, गावातल्या महिला मंडळाने भर घातली आणि ती शिकायला गेली. परंतु ते गेलेले वर्ष माझ्या मनात काट्यासारखे रुतून राहिले. ज्या रूपांना मी बोलण्यातला आळस समजत होतो, त्यांच्या एका अक्षरावर माझ्या विद्यार्थिनीचे वर्ष अडले होते. त्याच आठवड्यात मी भोजनगृहात फळा लावला.

पहिल्या रात्री मी इंग्रजीला हातच लावला नाही. मुलांना विचारले, मराठीत 'नाही' किती प्रकारांनी म्हणता येते? यादी भराभर वाढली: नाही, नको, नये, नव्हे, नसतो, नव्हता, शकत नाही, गरज नाही. मग प्रत्येकासमोर इंग्रजी रूप मांडत गेलो. 'जात नाही' याला 'डोन्ट' किंवा 'डझन्ट', 'गेलो नाही' याला 'डिडन्ट', 'जाणार नाही' याला 'वोन्ट', 'जाऊ शकत नाही' याला 'कान्ट', 'जाऊ नये' याला 'शुडन्ट', 'जायची गरज नाही' याला 'नीडन्ट' किंवा 'डोन्ट हॅव टू', 'अजिबात जायचे नाही' याला 'मस्टन्ट'. शेवटच्या दोन रूपांत मुले हमखास चुकत. पाहुण्यांना 'तुम्ही येण्याची तसदी घेऊ नका' असे नम्रपणे सांगण्यासाठी एकाने 'यू मस्टन्ट कम' लिहिले होते. पाहुण्यांनी ते वाचले असते तर दारावरूनच परतले असते.

दुसरी अडचण नकाराच्या जागेची होती. आपल्या वाक्यात नकार शेवटी येतो. 'मी उद्या कामावर येणार' इथपर्यंत बोलून समोरच्याच्या कपाळावरची आठी पाहता येते आणि शेवट 'नाही' करायचा की 'ना' करायचा, हे आयत्या वेळी ठरवता येते. इंग्रजी ती सवलत देत नाही. साध्या विधानात कर्त्यापाठोपाठ साहाय्यक क्रियापद येते आणि नकार त्यालाच चिकटतो. 'आय वोन्ट' म्हटले की निर्णय सांगून झाला, बाकीचे वाक्य त्याच्या मागून येते. मुले 'आय नॉट गो' असे लिहीत, कारण क्रियापदाला थेट 'नॉट' जोडावे असे त्यांना वाटे. तेथे 'डू' हा मदतनीस बोलवावा लागतो आणि नकाराचे ओझे तोच उचलतो, हे पटायला वेळ लागला. त्यातही 'ही डझन्ट गोज' ही चूक पिढ्यान्पिढ्या चालत आलेली. मी सांगत असे की पाळीचा बिल्ला एका वेळी एकाच मुलाच्या खिशाला असतो. तो 'डझ'ने लावला की 'गो'ला मिळत नाही. 'डिडन्ट'नंतर 'वेन्ट' येत नाही, त्याचेही कारण हेच.

मग त्या वर टांगलेल्या स्वल्पविरामाची पाळी आली. बहुतेक मुले तो 'डू' आणि 'नॉट' यांच्या सांध्यावर ठेवीत. मी विचारले, 'नॉट'मधले कोणते अक्षर आज गैरहजर आहे? 'ओ'. मग त्याच्या जागेवर खूण ठेवा, म्हणजे 'एन' आणि 'टी' यांच्या मध्ये. आपली मराठीही असे जोड करते. 'न' आणि 'असतो' मिळून 'नसतो' होतो, 'न' आणि 'होता' मिळून 'नव्हता' होतो, पण आपण सांधा बुजवून टाकतो. इंग्रजी गेलेल्या अक्षराची जागा दाखवून ठेवते. एके दिवशी पहाटेच्या वंदनेत मुलांबरोबर म्हणत असताना 'नत्थि' या शब्दावर माझी जीभ क्षणभर थबकली. 'न' आणि 'अत्थि' मिळून 'नत्थि'. जे मी रात्री फळ्यावर शिकवत होतो, ते मुले रोज सकाळी पालीत हात जोडून म्हणतच होती. त्या दिवसापासून मुलांची भीती पुष्कळ कमी झाली, कारण परक्या भाषेतली एक खोड त्यांच्या रोजच्या मुखातली निघाली.

'वोन्ट' कसे झाले, असे एकाने विचारले. 'विल नॉट'चे 'विलन्ट' व्हायला हवे होते. याचे उत्तर मात्र इतिहासाच्या शिक्षकाला देता आले. जुन्या इंग्रजी बोलींत 'विल'बरोबर 'वोल' असेही रूप होते. ते मागे पडले, पण त्याचा नकार जिवंत राहिला. ही आखूड रूपे सतराव्या शतकात लिखाणात दिसू लागली, आणि त्यांचे स्वागत झाले नाही. १७१० साली जोनाथन स्विफ्ट या नामवंत लेखकाने 'टॅटलर' या नियतकालिकात असे तुटके शब्द वापरणाऱ्यांची यथेच्छ टिंगल केली होती. आज तीच रूपे शिष्ट इंग्रजी संभाषणाचा भाग आहेत, आणि ती टाळून बोलणारा माणूस कृत्रिम वाटतो. भाषेत शुद्ध काय आणि अशुद्ध काय, याचा निकाल पुष्कळदा व्याकरण देत नाही, बोलणाऱ्याचे समाजातले स्थान देते.

याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे 'एन्ट'. एका मुलाने हा शब्द इंग्रजी चित्रपटात ऐकला आणि पुस्तकात तो का नाही असे विचारले. 'ॲम नॉट' याला आजच्या प्रमाण इंग्रजीत स्वतःचे आखूड रूपच नाही. प्रश्नात 'आरन्ट आय' म्हणतात. 'आय'बरोबर 'आर' येत नाही, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते, तरी ते शिष्ट ठरले. 'एन्ट' एके काळी इंग्लंडच्या उच्चभ्रू घरांतही बोलले जात असे. पुढे तो गरिबांचा, अडाण्यांचा, काळ्यांचा शब्द म्हणून हिणवला गेला आणि शाळेबाहेर उभा राहिला.

या एका शब्दाशी एका थोर स्त्रीचे नाव कायमचे जोडले गेले आहे. सोजर्नर ट्रुथ गुलामगिरीत जन्मल्या, त्यातून मुक्त झाल्या आणि अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध व स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलत फिरल्या. १८५१ साली ओहायो राज्यातील ॲक्रन येथे त्यांनी केलेले भाषण आज 'एन्ट आय अ वूमन' या नावाने जगभर ओळखले जाते. इतिहासाचा विद्यार्थी मात्र मूळ कागद पाहतो. भाषणानंतर थोड्याच दिवसांत छापून आलेल्या वृत्तांतात हे पालुपद नाही. ते आले १८६३ मध्ये, बारा वर्षांनी, फ्रान्सिस गेज या गोऱ्या कार्यकर्तीने आठवणीतून लिहिलेल्या आवृत्तीत. तेथे ते 'आरन्ट'च्या रूपात होते, पुढे त्याचे 'एन्ट' झाले. गेज यांनी ते सबंध भाषण दक्षिणेकडील गुलामांच्या बोलीत घातले. पण ट्रुथ दक्षिणेच्या नव्हत्याच. त्या न्यूयॉर्क राज्यात वाढल्या आणि त्यांची पहिली भाषा डच होती. गेज यांचा हेतू वाईट नव्हता, त्या ट्रुथ यांच्याच बाजूच्या होत्या. तरीही गुलामगिरीतून आलेली स्त्री अशीच मोडकी बोलत असणार, हे त्यांनी गृहीत धरले.

हे शिकवताना मला माझी आई आठवे. ती 'न्हाई' म्हणत असे. मीही शाळेत पहिल्यांदा 'न्हाई' म्हणालो तेव्हा वर्ग हसला, आणि वर्गाआधी शिक्षक हसले होते. शहरातले लोक 'नाही आहे' याचे 'नाहीये' करतात, त्याला कोणी हसत नाही. दोन्ही रूपे बोलण्याच्या ओघात घडलेली, दोन्ही तितकीच नियमबद्ध. एक शिष्ट झाले, दुसरे गावंढळ ठरले. म्हणून मी मुलांना दोन गोष्टी सांगत असे. प्रमाण रूप पक्के शिका, कारण अर्ज त्यातच लिहायचा आहे आणि मुलाखत त्यातच द्यायची आहे. आणि घरी गेल्यावर आजीच्या 'न्हाई'ला हसू नका. ज्या घरात 'न्हाई' म्हणण्याचीही मुभा नव्हती, त्या घरातून आपण आलो आहोत. आपल्या पूर्वजांना वाड्यासमोर उभे राहून 'जोहार मायबाप' म्हणावे लागे. सांगितलेल्या प्रत्येक कामाला 'जी' हेच उत्तर होते. आपली मुले अधिकाऱ्यासमोर, डॉक्टरसमोर, मुलाखतीत प्रश्न पुरता ऐकण्याआधी 'यस सर' म्हणतात, त्यामागे केवळ व्याकरणाचे अज्ञान नाही, या 'जी'ची लांब सावलीही आहे असे मला वाटते.

म्हणूनच 'कान्ट' आणि 'वोन्ट' यांतला फरक मी सर्वांत अधिक वेळ घेऊन शिकवला. 'कान्ट'चे दोन अर्थ आहेत, अशक्यता आणि मनाई. 'आय कान्ट स्विम' म्हणजे मला पोहता येत नाही. 'यू कान्ट स्विम हिअर' म्हणजे येथे पोहायला बंदी आहे. दुसऱ्या वाक्यात मनाई करणारा माणूस दिसत नाही. जणू पाण्यातच काही अडचण आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आपल्या शाळेतील दिवसांची आठवण सांगितली आहे. शिपायाने तोटी उघडली तरच त्यांना पाणी मिळे, शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. मी मुलांना विचारत असे, भीमराव तोटी उघडू शकत नव्हता का? हात होते, बळ होते, तोटीही होती. मग हा 'कान्ट' कोणत्या प्रकारचा? वर्ग काही क्षण गप्प होई आणि मग मागच्या रांगेतून उत्तर येई, "मनाईचा." तेवढ्यावर मी थांबत नसे. मनाई कोणाची? नाव घेऊन सांगा. 'कान्ट' हा शब्द ऐकला की त्यामागे अशक्यता आहे की कोणीतरी उभा आहे, हे तपासून पाहण्याची सवय मला त्यांना लावायची होती.

'वोन्ट' हा त्याच्या उलट आहे. त्यात बोलणारा स्वतः समोर उभा असतो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जी घोषणा केली तिच्यात हे दोन्ही नकार शेजारीशेजारी आहेत. हिंदू म्हणून जन्माला येणे टाळणे त्यांच्या हाती नव्हते. हिंदू म्हणून मरणार नाही, हे मात्र त्यांच्या हाती होते. पहिला नकार शक्यतेचा, दुसरा निश्चयाचा. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतल्या सुरुवातीच्या प्रतिज्ञांतही पुन्हापुन्हा 'मानणार नाही', 'करणार नाही' येते, 'मानू शकत नाही' येत नाही. मुलांनी त्या प्रतिज्ञा शेकडो वेळा म्हटल्या होत्या. त्यांतल्या क्रियापदाकडे त्यांनी व्याकरणाच्या तासाला पहिल्यांदा पाहिले.

येथेच एका हुशार मुलीने मला अडवले. "सर, मग प्रतिज्ञा इंग्रजीत म्हणताना 'वोन्ट' म्हणायचं का?" मी म्हटले, नाही. आखूड रूप बोलण्यासाठी, मित्राला पत्र लिहिण्यासाठी, दुकानात, रेल्वेत, घरात. अर्ज, करार, कायदा आणि प्रतिज्ञा यांत नकार पुरा लिहायचा. आपल्या संविधानाचा इंग्रजी पाठ उघडा. अनुच्छेद १५ मध्ये राज्याला भेदभाव करण्यापासून रोखणारे शब्द 'शॅल नॉट' असे सुटे, पूर्ण आहेत. त्याच अनुच्छेदात पुढे दुकाने, विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापराचा उल्लेख येतो. 'शॅल नॉट'चे 'शान्ट' असे आखूड रूप इंग्रजीत आहे, पण संविधानात त्याला जागा नाही. तेथे 'नॉट'मधले एकही अक्षर गाळलेले चालत नाही, कारण त्या अक्षरांवर कोणाचे तरी पाणी अवलंबून असते.

ऐकण्याचा सराव मात्र आम्ही आखूड रूपांवरच केला, कारण फसगत तेथेच होते. 'कान्ट'मधला शेवटचा 'ट' बोलण्याच्या वेगात अनेकदा गिळला जातो. मग होकार कोणता आणि नकार कोणता, हे स्वरावरून ओळखायचे. 'आय कॅन गो' मध्ये 'कॅन' घाईत, जवळजवळ 'कन' असा उच्चारला जातो आणि जोर 'गो'वर पडतो. नकारात जोर 'कान्ट'वर येतो, स्वर स्पष्ट ऐकू येतो. जेथे शब्द दाबून उच्चारला तेथे नकार समजा, हे सूत्र मुलांनी पाठ केले. आणि उत्तर देताना सुटा 'यस' किंवा सुटा 'नो' द्यायचा नाही, असा नियमच केला. 'नो, आय हॅवन्ट.' 'यस, आय डिड.' शेपूट जोडले की गैरसमजाला वाव राहत नाही. नव्या शिक्षकांची नेमणूक झाल्यावर इंग्रजी विषय माझ्याकडून गेला, पण रात्रीचा हा तास पुढे अनेक वर्षे चालू राहिला.

तो तास मी प्रायश्चित्त म्हणून घेत होतो. ती मुलगी चुकली, कारण मी तिला शिकवले नव्हते, असा माझा हिशेब होता. तो हिशेब तिनेच खोडून काढला.

काही वर्षांपूर्वीच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला ती आली होती. आता ती एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात काम करते. मुलांशी बोलताना तिने तिच्या कामातली एक गोष्ट सांगितली. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे पोट रिकामे असावे लागते, नाहीतर भूल दिल्यावर जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून आत नेण्याआधी विचारून खात्री करतात. नव्या परिचारिका घाईत विचारतात, "काही खाल्लं नाही ना?" रुग्ण म्हणतो, "हो." आता त्याने खाल्ले आहे की नाही? हा गोंधळ मराठीतच होतो, त्यासाठी इंग्रजी लागत नाही. "म्हणून मी तसं कधीच विचारत नाही," ती म्हणाली. "मी विचारते, शेवटचं केव्हा खाल्लं? काय खाल्लं? पाणी केव्हा प्यायलात? घाबरलेल्या माणसाला नकारार्थी प्रश्न विचारू नये. तो 'हो'च म्हणतो."

कार्यक्रम संपल्यावर मी तिला म्हटले, त्या मुलाखतीची चूक माझी होती, मी तुला ते शिकवायला हवे होते. ती हसली. "सर, इतकी वर्षं तुम्ही हेच धरून बसलात? मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, हे खरं. पण टेबलापलीकडे बसलेल्या पाच जणांना तर येत होतं ना? सतरा वर्षांची मुलगी घाबरून 'यस सर' म्हणते आहे, तर त्यांनी एकदा सरळ विचारायचं होतं, अर्ज केला आहेस की नाही?"

मी निरुत्तर झालो. ज्या 'कान्ट'मागे कोण उभा आहे हे तपासायला मी मुलांना शिकवत आलो, तो प्रश्न मी स्वतःच्या बाबतीत विचारलाच नव्हता. उत्तर देणाऱ्याने भाषा शिकली पाहिजे, हे मी वीस वर्षे घोकले. प्रश्न विचारणाऱ्यावरही काही जबाबदारी असते, हे मला माझ्या विद्यार्थिनीने शिकवले.

आज या स्मरणिकेच्या वाचकांत कितीतरी जण टेबलाच्या पलीकडे बसलेले आहेत. कोणी तहसील कार्यालयात आहे, कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात. तुमच्यासमोरही कोणीतरी हात जोडून, अंग चोरून उभे राहत असेल. त्याला 'कागद आणले नाहीत ना?', 'आधी लाभ घेतला नाही ना?' असे विचारू नका. सरळ विचारा, आणि त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. पालकांनाही एक विनंती. वसतिगृहातून सुटीत आलेले मूल एखाद्या गोष्टीला 'नाही' म्हणाले तर त्याला उद्धट ठरवण्यापूर्वी, ते 'नाही' न जमण्याचे आहे की न करण्याचे, एवढे विचारून पाहा. त्याला त्यातला फरक माहीत आहे. तो शिकवायला आम्ही पुष्कळ रात्री जागलो आहोत.

भोजनगृहातला तो फळा अजून तेथेच आहे. परवा तेथे एका मुलाने पाळीची यादी लिहिली होती आणि खाली इंग्रजीत सूचना होती, ताटात अन्न टाकू नका. 'डोन्ट'मधला तो वर टांगलेला स्वल्पविराम अगदी योग्य जागी होता. मी काही न बोलता पुढे गेलो.

जय भीम.